एकाच नावाची दोन ‘वऱ्हाड’ फोल्डर: मराठी फाइलनावांचा घोळ कसा सोडवावा?

कऱ्हेकाठ

गेली सहा वर्षं मी जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करते आहे. सुरुवात पुरंदरात आजीपासून झाली, मग तिच्या ओळखीच्या बायका, आणि मावशी अकोल्याला असल्यामुळे पुढे वऱ्हाडातल्या बायका. फाइलींना नाव म्हणून ओवीची पहिली ओळ मराठीतच द्यायची, हे मी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं. रोमन अक्षरांत लिहिलं की बाळ, बाल आणि बळ यांचं स्पेलिंग एकच होऊन बसतं. ओवीत ‘बाळ’ शब्द किती वेळा येतो ते सांगायला नको.

फोल्डरं प्रदेशवार आहेत: ‘कऱ्हा खोरं’, ‘वऱ्हाड’ वगैरे. काही मुद्रणं मामाच्या जुन्या मॅकवर होती, काही माझ्या फोनवरून चढवलेली. मागच्या आठवड्यात सगळं एका उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकलेल्या डेस्कटॉपवर एकत्र केलं. मॅकवरचं आरसिंकने (फाइलींची नक्कल करणारा प्रोग्रॅम) आणलं. आता एकाच ठिकाणी ‘वऱ्हाड’ नावाची दोन फोल्डर दिसतात. अक्षर न् अक्षर सारखं, मागेपुढे रिकामी जागाही नाही. एकात निम्म्या ओव्या, दुसऱ्यात निम्म्या. शोधपट्टीत ‘वऱ्हाड’ टाकलं की एकही सापडत नाही!

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात विचारलं. तिथे सांगितलं की मराठी नावं ठेवूच नका, सगळी इंग्रजीत करून टाका. ते मला करायचं नाही. नेमकं काय झालंय ते कुणी समजावून सांगेल का?

बाइटवाचक

ताई, तुमची फोल्डर सारखी दिसतात, पण सारखी नाहीत. आधी एक करा. टर्मिनलमध्ये दोन्ही नावांचे बाइट छापून बघा आणि किती भरतात ते इथे लिहा. तोवर थोडी पार्श्वभूमी देतो.

लिनक्सच्या दृष्टीने फाइलचं नाव म्हणजे बाइटची एक माळ. तिरकी रेघ आणि शून्य हे दोन बाइट सोडले तर बाकी काहीही चालतं. ती माळ मराठी आहे की जपानी, हे लिनक्सच्या एक्सट ४ या फाइलप्रणालीला (डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेला) ठाऊक नसतं आणि ते विचारतही नाही. दोन माळांत एका बाइटचा फरक असला तरी त्याच्या लेखी ती दोन वेगळी नावं.

विंडोजच्या एनटीएफएस या फाइलप्रणालीत नावं यूटीएफ-१६ या संकेतात असतात. तिथेही ‘दिसायला सारखं’ ही कल्पना नाही, फक्त रोमनसारख्या लिपींतली मोठी-छोटी अक्षरं सारखी धरतात. मॅकची जुनी फाइलप्रणाली एचएफएस प्लस (१९९८ साली आली) मात्र वेगळी वागायची. ती नाव जसं दिलं तसं ठेवायची नाही, आधी जोडलेली चिन्हं सुटी करायची आणि मग डिस्कवर लिहायची. माझा अंदाज आहे की तुमचा घोळ तिथेच सुरू झालाय.

जुना_कंपोझिटर

मी १९९६ पासून डीटीपीत आहे. कऱ्हेकाठ यांनी नावं मराठीत ठेवली याचं मला फार अप्रूप वाटलं, कारण आम्हाला ते शक्यच नव्हतं. श्रीलिपी किंवा आकृतीमध्ये पानंच्या पानं मराठी जुळवायचो, पण फाइल साठवताना ‘लग्न१’, ‘लग्न२’ असं रोमन अक्षरांतच लिहायचं. कारण ते फॉन्ट मराठी दिसायचे, आतला संकेत मात्र रोमन चिन्हांचाच. फाइलींची यादी विंडोज स्वतःच्या फॉन्टमध्ये दाखवणार, तिथे मराठी उमटणार कसं? त्यात डॉसपासून चालत आलेली आठ अक्षरांची मर्यादा बरीच वर्षं अंगवळणी पडलेली होती. विंडोज ९५ ने लांब नावं आणली, तरी आम्ही आठातच लिहीत राहिलो. शेकडो पत्रिकांच्या फाइली आहेत माझ्याकडे, आणि उघडून बघितल्याशिवाय कुठली कुणाची ते सांगता येत नाही.

पुढे विंडोज एक्सपी आलं. तेव्हा मराठी दिसण्यासाठी रीजनल सेटिंगमध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ची खूण करावी लागे आणि विंडोजची सीडी घालावी लागे. ते केल्यावर मी पहिल्यांदा एका फोल्डरला ‘दिवाळी अंक’ असं नाव दिलं. ते मंगल फॉन्टमध्ये स्क्रीनवर दिसलं तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावून दाखवलं होतं.

बाइटवाचक

दादा, तुमच्या अनुभवाला एक तांत्रिक कारणही आहे, ते फारसं कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. विंडोजमध्ये जुन्या, म्हणजे यूनिकोड (सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणारा संकेत) न वापरणाऱ्या प्रोग्रॅमसाठी बऱ्याच भाषांना ‘कोडपेज’, म्हणजे अक्षरांच्या आकड्यांचा तक्ता, असायचं. थाईला होतं, हिब्रूला होतं, ग्रीकला होतं. देवनागरीला सिस्टिमचं म्हणून लावता येईल असं कोडपेज कधीच मिळालं नाही. देवनागरी विंडोजमध्ये आली ती थेट यूनिकोडमधून. ही एका अर्थाने चांगलीच गोष्ट झाली, कारण मधल्या काळातल्या कोडपेजांचा कचरा आपल्या वाट्याला आला नाही. पण जुन्या प्रोग्रॅमने ‘दिवाळी अंक’ उघडायला घेतलं की त्याच्या हातात फक्त प्रश्नचिन्हांची रांग पडायची. आणि प्रश्नचिन्ह विंडोजच्या फाइलनावात चालतच नाही. मग ‘फाइल सापडत नाही’. लोकांचा समज मात्र असा झाला की मराठी नाव दिलं की फाइल खराब होते. फाइल धडधाकट असायची, विचारणाऱ्याकडेच तिचं नाव उच्चारायला अक्षरं नसायची.

कऱ्हेकाठ

बाइट छापले. एका ‘वऱ्हाड’चे २१ आणि दुसऱ्या ‘वऱ्हाड’चेही २१. मग फरक कुठे आहे?

बाइटवाचक

दोन्ही २१? मग हे माझ्या अंदाजापेक्षा जास्त मजेदार आहे. सावकाश लिहितो, कारण हा प्रश्न खास मराठीचा आहे.

यूनिकोडची चिन्हं बाइटमध्ये लिहिण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘वऱ्हाड’ सरळ लिहिला तर त्यात सहा चिन्हं: व, ऱ, हलन्त, ह, काना, ड. म्हणजे १८ बाइट. इथला ऱ म्हणजे खाली नुक्ता (टिंब) असलेला र, यूनिकोडमध्ये त्याला स्वतःचा क्रमांक आहे (०९३१). त्याला हलन्त लावून पुढे य किंवा ह आला की आपला तो पापणीसारखा अर्धा र उमटतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट आणि जे-च्या कळीवर मिळतो.

तुमच्याकडे हा सरळ १८ बाइटचा प्रकार नाहीच. तुमच्याकडे आहेत ते असे:

मॅकवरून आलेलं: व, र, नुक्ता, हलन्त, ह, काना, ड. एचएफएस प्लसने ऱ सुटा करून र आणि नुक्ता वेगळे केले. सात चिन्हं, २१ बाइट.

फोनवरून आलेलं: व, र, हलन्त, अदृश्य जोडखूण, ह, काना, ड. ही जोडखूण म्हणजे झिरो विड्थ जॉइनर. ती दिसत नाही, फक्त फॉन्टला सांगते की इथे रफार नको, अर्धा र काढ. सात चिन्हं, पुन्हा २१ बाइट.

तिन्ही लिखाणं पडद्यावर तंतोतंत एकच शब्द काढतात. शोधपट्टीत तुम्ही इन्स्क्रिप्टने टाइप करत असाल तर तुम्ही तिसराच, १८ बाइटचा ‘वऱ्हाड’ शोधताय. म्हणून एकही सापडत नाही.

कऱ्हेकाठ

हो, डेस्कटॉपवर मी इन्स्क्रिप्टच वापरते! आणि फोनवर इंग्रजीतून उच्चार लिहून मराठी उमटवणारा कळफलक आहे. सहा वर्षं हे माझ्या लक्षातच आलं नाही.

मग सगळी नावं एका साच्यात आणायला काही आहे का? कुठेतरी ‘नॉर्मलायझेशन’ असा शब्द वाचला.

बाइटवाचक

आहे, पण त्याने अर्धंच काम होईल. ‘कन्व्हएमव्ही’ नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, त्याला एनएफसी हा पर्याय देऊन फोल्डरवर चालवा. तो आधी फक्त काय बदलेल ते दाखवतो. ‘नोटेस्ट’ सांगितल्याशिवाय खरं नाव बदलत नाही, त्यामुळे घाबरू नका. एनएफसी म्हणजे सुटी झालेली चिन्हं पुन्हा जोडणं. मॅकवरून आलेलं ‘वऱ्हाड’ त्याने १८ बाइटचं होईल.

फोनवालं मात्र जसंच्या तसं राहील. र-हलन्त-जोडखूण आणि ऱ-हलन्त हे यूनिकोडच्या नियमांनुसार समतुल्य नाहीत. जोडखुणेची पद्धत यूनिकोडने जुन्या मजकुराच्या सोयीसाठी मान्य केली, पण दोघांना एक मानलं नाही. म्हणून ती बदलायला स्वतःची दोन ओळींची स्क्रिप्ट लिहावी लागेल: र, हलन्त, जोडखूण असा क्रम दिसला की त्याजागी ऱ, हलन्त. मराठीत र-हलन्तानंतर जोडखूण येते ती या अर्ध्या र-साठीच, त्यामुळे हा बदल बिनधोक आहे.

एक गोष्ट चुकूनही करू नका. इंटरनेटवर ‘फाइलनावातली अदृश्य चिन्हं काढून टाका’ अशा तयार स्क्रिप्ट मिळतात. त्या जोडखूण नुसती पुसतात. मग राहतो र-हलन्त-ह, आणि फॉन्ट त्याचा रफार करतो. ‘दर्‍या’चं ‘दर्या’ होतं. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र! ‘आचाऱ्यांना’ बोलवायचं तर ‘आचार्यांना’ बोलावणं जातं. ओव्यांच्या संग्रहात हे झालं तर मूळ काय होतं ते नावावरून पुन्हा कळणार नाही.

जुन्या मॅकवर तर हे फाइलप्रणालीच्या पोटातच होतं. एचएफएस प्लस नावांची तुलना करताना जोडखुणेसारखी अदृश्य चिन्हं गाळायची. म्हणजे जोडखुणेने लिहिलेलं ‘दर्‍या’ आणि रफाराचं ‘दर्या’ ही तिच्या मते एकच नावं, एका फोल्डरात दोन्ही ठेवता येणार नाहीत. या गाळण्यामुळे डिसेंबर २०१४ मध्ये गिटमध्ये (प्रोग्रॅमच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) सुरक्षेचं मोठं भगदाड सापडलं होतं. ‘डॉट गिट’ (गिटचं स्वतःचं आतलं फोल्डर) या नावाच्या मधे अदृश्य चिन्ह घुसवलं की गिटची तपासणी त्याला वेगळं नाव समजून सोडून द्यायची आणि मॅकची डिस्क मात्र खऱ्या ‘डॉट गिट’मध्ये लिहायची. आपल्या अर्ध्या र-साठी लागणाऱ्या चिन्हाची ही दुसरी बाजू.

तोक्योतली_मराठी

मी बारा वर्षं जपानमध्ये आहे. इथे हे दुखणं आपल्यापेक्षा जुनं आहे, म्हणून लिहावंसं वाटलं.

जपानी शिफ्ट-जिस संकेतात एक अक्षर दोन बाइटचं. काही अक्षरांचा दुसरा बाइट नेमका उलट्या तिरक्या रेघेचा येतो. ‘तक्ता’ या अर्थाची कांजी (चिनी लिपीतलं अक्षर) आणि काताकाना या उच्चारलिपीतला ‘सो’ ही त्यातली नेहमीची. डॉस आणि विंडोजमध्ये उलटी तिरकी रेघ म्हणजे फोल्डरची हद्द. बेसावध लिहिलेला प्रोग्रॅम नाव वाचताना त्या अक्षराच्या मधोमध तुकडा पाडतो आणि नसलेल्या फोल्डरात फाइल शोधत बसतो. अशा अक्षरांना इथे ‘दामे-मोजी’ म्हणतात, नको ती अक्षरं. एका ऑफिसात मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की फाइलनावात ही अक्षरं टाळ. रोजच्या वापरातली अक्षरं होती ती.

मॅकचा सुटं करण्याचा प्रकारही इथे रोज भेटतो. जपानीत ‘का’ला दोन बारीक रेघा दिल्या की ‘गा’ होतो. मॅकवरून आलेल्या फाइलीत ‘का’ वेगळा आणि रेघा वेगळ्या. काही ठिकाणी त्या रेघा अक्षरापासून लांब पडलेल्या दिसतात, त्यामुळे निदान कळतं तरी. तुमचा अर्धा र मात्र बिनबोभाट जुळतो, त्यामुळे तो पकडणं अवघड.

बाइटवाचक

शिफ्ट-जिसचा विषय काढलात म्हणून सांगतो. यूटीएफ-८ जन्माला आलं तेच फाइलनावांमुळे. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत यूनिक्स घडवणाऱ्या केन थॉम्पसन यांनी सहकारी रॉब पाइक यांच्यासमोर टेबलावरच्या कागदी चटईवर त्याची मांडणी केली. त्याआधी जो प्रस्ताव चर्चेत होता त्याचं नावच ‘फाइल सिस्टिम सेफ यूटीएफ’, फाइलप्रणालीला सुरक्षित. अट अशी की अनेक बाइटच्या अक्षराच्या आत तिरकी रेघ किंवा शून्य बाइट कधीही यायला नको. अनेक बाइटच्या अक्षरातला कुठलाही बाइट रोमन चिन्हासारखा दिसू नये, हे त्या प्रस्तावातही होतं. थॉम्पसन यांनी ते पाळलंच आणि पुढेही गेले: माळेत मधेच कुठे सोडलं तरी पुढचं अक्षर कुठे सुरू होतं ते कळतं. त्यामुळे मूळ यूनिक्सच्या फाइलप्रणालीला हात न लावता तिच्यावर मराठी नावं चालू लागली. ‘ओवी’ नावाची फाइल आज तुम्ही बनवता, ती त्या मांडणीच्या भरवशावर.

फळा_खडू

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. शाळेतल्या संगणकावर मराठी नावांत मला वेगळ्याच अडचणी येतात.

विसर्गाच्या जागी लोक सर्रास अपूर्णविरामाची दोन टिंबं टाइप करतात: ‘दु:ख’, ‘अंत:करण’. छापल्यावर फरक दिसत नाही. पण विंडोजला फाइलनावात ती दोन टिंबं चालत नाहीत. खरा विसर्ग (ः) दिला की काही अडचण येत नाही. तसंच कवितेच्या ओळीशेवटी दंड म्हणून इंग्रजी कळफलकावरची उभी रेघ टाकली की विंडोज नाकारतं, खरा दंड (।) चालतो. ओव्यांच्या पहिल्या ओळी नाव म्हणून देताय म्हणून आवर्जून सांगतो.

नावाच्या शेवटी ‘इ.’ असं टिंब ठेवलं तर विंडोज ते गुपचूप गाळतं.

बाइटवाचक

दोन टिंबांचं पूर्ण सांगायला हवं, कारण ते धोक्याचं आहे. विंडोजच्या खिडकीत नाव टाइप केलं तर ती नाकारते. पण एखाद्या प्रोग्रॅमने तपासणी न करता ‘दु:ख’ नावाने फाइल लिहिली तर एनटीएफएस त्याचा अर्थ असा लावतं: ‘दु’ नावाची फाइल, आणि तिच्या पोटात ‘ख’ नावाचा छुपा प्रवाह. फोल्डरात ‘दु’ नावाची शून्य बाइटची फाइल दिसते. मजकूर असतो, पण दिसत नाही, आणि ती फाइल पेनड्राइव्हवर नेली की तो प्रवाह मागे राहतो. लिनक्सवर मात्र दोन टिंबं बिनतक्रार चालतात. म्हणून ताई, लिनक्सवरून कुणाला द्यायच्या आधी अशी नावं शोधून ठेवा.

मांडवी_तीर

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे घरच्या कागदपत्रांच्या स्कॅनमध्ये देवनागरी कोंकणी, रोमी (रोमन लिपीतली कोंकणी) आणि पोर्तुगीज नावं एकाच फोल्डरात असतात. टिल्ड (वरची लाटेसारखी रेघ) असलेला पोर्तुगीज ‘आ’ जोडलेलाही असतो आणि सुटाही, तोच तुमचा ऱ-चा प्रश्न. फक्त तिथे एनएफसी केलं की प्रश्न मिटतो, जोडखुणेची भानगड नाही.

सोपं_ठेवा

सगळ्यांचा आदर राखून वेगळं मत मांडतो. मी संग्रहालयांच्या डेटावर काम केलंय. फाइलचं नाव हे ओळखपत्र असावं, मजकूर नव्हे. ‘०००४१२’ असा क्रमांक द्या आणि ओवीची ओळ, गाणाऱ्या बाईंचं नाव, गाव हे सगळं वेगळ्या तक्त्यात मराठीत ठेवा. नाव कुठल्याही यंत्रावर तुटणार नाही. लांबीचाही प्रश्न आहे: लिनक्सवर नावाला २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हं, त्यात काना-मात्रा-हलन्त सगळं आलं. ‘महाराष्ट्र’ तोंडाने चार अक्षरं, पण दहा चिन्हं आणि ३० बाइट. ईक्रिप्टएफएससारख्या कूटबद्ध फोल्डरात ती मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे ४७ चिन्हं. ओवीची ओळ तेवढ्यात मावेल का?

कऱ्हेकाठ

क्रमांक द्यायला माझी ना नाही, देणार आहे. पण नुसता क्रमांक नको. ही मुद्रणं पेनड्राइव्हवर घालून ज्या बायकांनी गायलं त्यांच्या घरी जातात. तिथे तक्ता कुणी उघडत नाही. फोनवर यादी दिसते आणि त्यातून त्या आपली ओवी शोधतात. मागच्या उन्हाळ्यात एका आजींनी नातीच्या हातातला फोन घेऊन स्वतः वाचत वाचत आपली ओवी काढली. शाळा दुसरीपर्यंत झालेली. ‘०००४१२’ त्यांना काय सांगणार होतं?

८५ चिन्हांचं मला माहीत नव्हतं, दोन-तीन नावं शेवटी तुटलेली का होती ते आता कळलं. मी असं ठरवलंय: पुढे चार आकडी क्रमांक, मग ओळीचे पहिले चार-पाच शब्द. पूर्ण ओळ तक्त्यात.

सोपं_ठेवा

हे पटलं. क्रमांक आणि नाव दोन्ही असलं तर मला काहीच म्हणायचं नाही. क्रमांक शून्यांनी भरून घ्या, म्हणजे दहावी फाइल दुसरीच्या आधी लागणार नाही. आणि अक्षरक्रमावर विसंबू नका. यूनिकोडच्या क्रमात ळ हा ल-च्या मागोमाग येतो, आपल्या वर्णमालेत तो ह-नंतर. कुठला प्रोग्रॅम कुठला क्रम लावेल ते सांगता येत नाही.

जुना_कंपोझिटर

पेनड्राइव्हऐवजी झिप पाठवत असाल तर एक सूचना. झिपमध्ये नावं मुळात अमेरिकन डॉस कोडपेजात (४३७) असायची. २००६ मध्ये त्या प्रमाणात ‘हे नाव यूटीएफ-८ आहे’ असं सांगणारी एक बिटची खूण आली. ती खूण न लावता झिप केलं तर समोरच्याकडे मराठी नावांच्या जागी रेघा, चौकटी आणि ग्रीक अक्षरं येतात. मला गिऱ्हाइकांकडून अशा झिप अजूनही येतात. सेव्हन-झिपने केलेली झिप मात्र आजवर बिघडलेली पाहिली नाही.

कऱ्हेकाठ

काल रात्री बसून केलं. आधी सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली. मग कन्व्हएमव्ही, मग बाइटवाचक यांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाठवलेली जोडखुणेची स्क्रिप्ट. दोन्ही फोल्डर एकदम एक करता आली नाहीत, कारण काही ओव्या दोन्हीकडे त्याच नावाने होत्या. त्या दुहेरी समजून एक बाजू पुसणारच होते, पण आकार वेगळे दिसले म्हणून ऐकून पाहिल्या. एका नावाखाली मावशीच्या शेजारणीने गायलेली होती आणि दुसऱ्याखाली तिच्या सासूने. ओळ तीच, चाल वेगळी, आणि तिसऱ्या चरणापासून शब्दही वेगळे. अशा सात जोड्या निघाल्या. त्या आता १ आणि २ लावून शेजारी शेजारी ठेवल्यात.

‘वऱ्हाड’ एकच आहे, १८ बाइटचं. शोधपट्टीत टाकलं की येतं.

बाइटवाचक, अजून एक अडलंय. ‘ॲ’ असलेल्या अकरा फायली आहेत, ‘ॲल्युमिनियमचा हंडा’ वगैरे. त्या अजूनही सापडत नाहीत. तिथे कुठलं चिन्ह लपलंय?

बाइटवाचक

तिथे लपलेलं असं काही नसेल. ॲ या अक्षराला यूनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक (०९७२) मिळाला तो २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. त्याआधीचे, आणि नंतरचेही, बरेच कळफलक अ टाइप करून त्यावर चंद्र ठेवतात, काही तर मधे जोडखूणही घालतात. हेही एकमेकांना समतुल्य नाहीत, एनएफसी त्यांना हात लावत नाही. स्क्रिप्टमध्ये आणखी दोन ओळी लागतील: अ-चंद्र आणि अ-जोडखूण-चंद्र, दोन्हीच्या जागी ॲ. ऑ-चंही बघून घ्या, तो आ-वर चंद्र ठेवून लिहिलेला असू शकतो. संध्याकाळी पाठवतो.